बांड्याच्या लेकी आणि सरकी

"ताई, सही कर. बांड्याले सकाय खच्ची करनं शे." आप्पांनी कागद पुढं सरकवला.

बांड्या म्हणजे आखूड शेपटीचा वळू. दुसरा रूपा, प्रदर्शनात फेटा मिळवलेला. रनाळ्याजवळ आप्पांचा गाईंचा फार्म होता, एकाहत्तरच्या लढाईच्या दिवसांतली गोष्ट. दूध मोजून रेकॉर्ड ठेवायचं काम माझं. शाळा नावापुरती, अ‍ॅव्हरेज काढायला फार्मवरच शिकले बघा. वळू काही दूध देत नाही, म्हणून त्याच्या लेकींचं दूध मोजायचं, त्यावरून बापाचा गुण ठरवायचा आणि खाली माझी सही.

"मन्ही सही नही भेटाव, आप्पा."

"रूपान्या पोरी जास्त दूध देतस. तूच मोजेल शे ना?"

"मोजेल शे. पन त्या पक्क्या शेडमा सरकी खातस. बांड्यान्या पोरी छपरामा कडबा चावतस. मंग दूध वळूनं की सरकीनं?"

मी म्हटलं, दोन्ही वळूंच्या निम्म्या निम्म्या लेकी दोन्हीकडं बांधा. मग तुलना करू.

"मन्ह्या रूपान्या पोरी छपरामा? लोके हसतीन! जमत नसी तर नोकरी सोड."

"सोडसु. पन सुरतना व्यापारी मन्ही सही देखीसन कालवडी लेतस. त्यासले काय सांगशात?"

मापाचं भांडं त्यांच्या ओट्यावर ठेवलं नि चालू लागले. फाटकाशी पोचले, तोवर आप्पांची हाक आली.

कोण कुठं बांधायची, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. धार काढणारी झिंगीबाई चिठ्ठी उचलायची आणि आप्पा मध्येच, "हाई गरीब शे, हिले आत राहू दे!"

"आप्पा, हात मागे!" झिंगीबाई दटावायची.

पुढच्या वेतापासून गाई आटेपर्यंत मोजलं. पक्क्या शेडमध्ये दोघांच्याही लेकी सारख्याच. छपरात दोघांच्याही सारख्याच कमी. फरक होता तो वळूचा नव्हे, शेडचा नि सरकीचा.

आप्पा खूश. "तुन्हा बांड्या बी काही राजा नही!"

"नही ना. पन गुन्हेगार बी नही."

बांड्या वळूच राहिला. सरकी दोन्हीकडं जाऊ लागली. फेटा मात्र आप्पा रूपालाच बांधत. बांधोत बापडे, त्याचं काही मोजमाप नसतं. पण बापाला दोष द्यायच्या आधी लेकींच्या गव्हाणीत वाकून बघावं. मी अजून आधी तिथंच बघते.