फाटकाबाहेरची मोळी

कोंडी कातकरीण कुणालाच अहो-जाहो करीत नसे. जव्हारच्या बाजारातला शेटजी, आमच्या सासूबाई, चौकीवरचा जमादार, सगळ्यांना तिचं एकच ‘तू’. जमादाराला ते फार झोंबे.

माझे यजमान संस्थानच्या कचेरीत कारकून होते. लग्न होऊन मी वसईकडून या डोंगरावर आले तेव्हापासून कोंडी आमच्याकडे सरपणाची मोळी आणी. उंच, काटक, कमरेला कोयती. मोळी फाटकाबाहेर टाकायची, सासूबाई वरून तिच्या पदरात तांदूळ सोडायच्या, मग आमचा गडी मोळीवर पाणी शिंपडून ती आत घ्यायचा. कातकऱ्यानं कुंपणाच्या आत पाऊल टाकायचं नाही, ही घराची रीत. मी मिशनच्या, ननांच्या शाळेत शिकलेली. सगळी देवाची लेकरं, असं रोज प्रार्थनेत म्हटलेलं. तरी त्या पाण्यात मला काही वावगं दिसलं नाही.

एका थंडीत देवघरातलं चांदीचं फुलपात्र नाहीसं झालं.

“काल ती कातकरीण आली होती,” सासूबाई म्हणाल्या. माझ्याही मनात आधी तिचंच नाव आलं होतं.

जमादारानं तिच्या नवऱ्याला, बुध्याला, धरून नेलं आणि चौकीपुढच्या लाकडी खोड्यात त्याचे पाय अडकवले. बायको भांडं आणून देईपर्यंत सुटका नाही.

दुसऱ्या सकाळी कोंडी मोळीशिवाय फाटकाशी उभी राहिली. “बाय, तुजा देव कुठल्या खोलीत बसतो?”

“तुला कशाला चौकशा?” सासूबाई म्हणाल्या.

“मना ठावं नाय म्हनून पुसते. तुजी चूल कुठं, देव कुठं, मी कदी बघला? कुंपनाच्या आत तू मना येऊ दिला? भांडं काय उडत आलं माज्याकडं?”

“तोंड सांभाळ!” म्हणत सासूबाईंनी दार लावून घेतलं.

तेच ती चौकीवर जाऊन बोलली. जमादार हसला. “तुम्हां कातकऱ्यांना आत शिरायला दार लागतं होय?”

“मंग गावाला कुलपं कशाला लावाय सांगतो?”

त्या दिवसापासून कातकरवाडीतून गावात एकही मोळी आली नाही. कोंडी चौकीसमोर आंब्याखाली बसून राहिली आणि लाकडं घेऊन येणाऱ्या आपल्या माणसांना माघारी धाडू लागली. “बुध्या सुटंल तवा यांची चूल पेटंल.” घरोघरचे बंब गार पडले. जमादाराच्या घरचासुद्धा.

बंबासाठी पाचोळा तरी मिळेल म्हणून मी परसात गेले. जास्वंदीच्या बुंध्याशी सासूबाई निर्माल्य टाकत. तिथं वाळल्या फुलांत फुलपात्र पडलं होतं. परडी रिकामी करताना त्यांच्याच हातून गेलेलं.

“मुकाट्यानं आत आण,” त्या म्हणाल्या. “सोडतील त्याला आपोआप.”

मी ते उघड्या हातात धरून भर बाजारातून चौकीवर गेले. वाटेत असंही मनात आलं, की कोंडी माझे पाय धरील.

जमादारानं खोडा उघडला. बुध्याला धड उभं राहता येईना. “जा. पण रोज हजेरीला यायचं,” जमादार म्हणाला.

“भांडं कुनाच्या हातात घावलं?” कोंडीनं माझ्याकडे बोट केलं. “हिच्या. मंग हिला घाल खोड्यात.”

“अगं, त्या बाईसाहेब आहेत!”

“आन आमी?”

माझे कान तापले. पण ती खोटं काय बोलली होती? मी म्हणाले, “जमादार, चूक आमच्या घरची. हजेरी हवी तर माझी घ्या.”

जमादार पुटपुटत आत गेला. बुध्याला त्यानं पुन्हा बोलावलं नाही. दुसऱ्या कातकऱ्यांना मात्र कुठं काही हरवलं की बोलावणी जातच राहिली, आणि म्हातारी होईपर्यंत कोंडी त्या प्रत्येकाबरोबर चौकीपर्यंत चालत गेली.

सुटकेनंतर ती आमच्याकडे पहिली मोळी घेऊन आली ती फाटकाशी थांबलीच नाही. अंगण, ओसरी ओलांडून सरळ स्वयंपाकघरात आली आणि चुलीशी लाकडं आदळली.

“अगं, अगं! कुठं घुसतेस?” सासूबाई ओरडल्या.

“देव कुठं बसतो ता बघून घेते. पुढं भांडं हरवलं तर माजं नाव घ्यायला तुला सोपं.”

गडी सवयीनं पाण्याचा तांब्या घेऊन मोळीकडे आला. कोंडीनं तो त्याच्या हातातून काढून घेतला, घटाघटा प्यायली आणि उरलेलं पाणी आमच्या जमिनीवर शिंपडलं.

“आता चालंल,” म्हणाली, आणि पुढच्या दारानं निघून गेली.