शालन उभी राहायची ती जागा

बार्शी सोडली त्या सकाळी सागरनं, माझ्या मुलानं, मला स्टुडिओच्या बंद शटरसमोर उभं केलं आणि मोबाइल धरला. "बाबा, इकडं बघा." मी बघितलं. त्यानं फोटो पाहून कपाळाला आठी घातली. "अहो, कुठं बघताय? मोबाइल इकडं आहे." परत काढला. परत तेच. गाडीत सामान भरलेलं, सून खोळंबलेली, मग तसाच राहिला. त्या फोटोत मी मोबाइलच्या बाजूला, रिकाम्या हवेत बघतोय.

तिथं शालन उभी राहायची. माझी बायको. नुकतीच गेली होती.

मी चौथी शिकलेला माणूस. पण फोटो चांगले काढायचो, उगाच नाही कशाला म्हणू? स्टुडिओ वडिलांचा. ते म्हणायचे, "सदरा लगेच येतो फोटोत, माणूस यायला वेळ लागतो." माणसाला आणायचं काम शालनचं. माझं तोंड फाटकं. मी "हलू नका" म्हटलं की समोरचा लाकूड व्हायचा. मग ती आतून लसूण सोलत यायची आणि कॅमेऱ्याशेजारी उभी राहायची. "अहो पाटील, श्वास सोडा, ढेरी मावते फोटोत." नव्या नवरीला म्हणायची, "सासूकडं काय बघतीस गं, माझ्याकडं बघ." माणूस तिच्याकडं वळायचा, तोंड सैल पडायचं, त्या घडीला मी बटण दाबायचो. कधी दाबायचं हे तिनं मला कधी सांगितलं नाही आणि मी तिला विचारलं नाही.

इथं कानडी मुलखात, हेब्बाळला सागरच्या घरी आम्ही अकराव्या मजल्यावर. खिडकीतून तळं दिसतं. सागर आणि सून कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये असतात. मी खोलीबाहेर आलो की सागर ओठावर बोट ठेवतो. पोरं चांगली आहेत, माझी औषधं विसरत नाहीत. पण दिवसभरात माझं बोलणं काय, तर खालच्या भाजीवालीला "स्वल्प कमी कर", म्हणजे थोडं, आणि "सरी", म्हणजे बरं. पोरांकडं राहायला आलेले माझ्यासारखे जे कोणी म्हातारे असतील, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

सागरनं नवा कॅमेरा आणून दिला. तळ्यावर जाऊन बगळे काढले. बगळ्यात काय मन रमणार? आजूबाजूला तरणी पोरं हात लांब करून आपले आपणच फोटो काढतात. समोर कोणी नसतंच. स्वतःकडं बघून हसतात.

तिथंच रामराव भेटले. राजाजीनगरचे, पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेले मराठी. माझ्या गळ्यातला कॅमेरा बघून म्हणाले, "अण्णा, आमच्या अक्काचा एक फोटो काढा की. पोरं काढतात त्यात ती चोर धरून आणल्यासारखी दिसते." अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण.

मला धडकी भरली. शालन गेल्यापासून माणसाचा फोटो काढला नव्हता. नाहीच आला तर? मग मी फोटोग्राफर नाही, नुसता सागरचा बाप.

तरी त्यांच्या घरी गेलो. अक्का खुर्चीत बसल्या, नऊवारी नीट केली आणि लाकूड झाल्या. मी "हसा" म्हणालो. जन्मात हा शब्द वापरला नव्हता. त्यांनी दात दाखवले. रामराव म्हणाले, "अक्का, दाताच्या डॉक्टरकडं नाही आलीस." त्या भडकल्या. "तू गप रे! ह्या डबड्याकडं बघून काय हसू मी? कुठं बघायचं तरी सांगा हो अण्णा."

माझा हात आपोआप कॅमेऱ्याशेजारी गेला. "तिथं."

"तिथं कोण आहे?"

"आमची शालन उभी राहायची."

मला वाटलं, आता कॅमेरा पिशवीत घालावा. तर अक्का जरा पुढं वाकल्या आणि त्या मोकळ्या जागेकडं बघून, घरी आलेल्या बाईला विचारावं तसं म्हणाल्या, "उभी का गं? बस की स्वल्प. जेवलीस?"

मी बटण दाबलं.

फोटो आला. सदराबिदरा नाही, माणूस आला. रामराव चहा घ्या म्हणत होते. मी घेतला नाही. खाली येऊन बसस्टॉपवर बसलो, दोन-तीन बस जाऊ दिल्या.

सागर विचारतो, "बाबा, इथं घरासारखं वाटतंय ना आता?" मी हो म्हणतो. काय सांगणार? बार्शीतला स्टुडिओ आता मोबाइलच्या दुकानवाल्यानं घेतलाय. पण बार्शीकरांनो, तुमच्या घरात आमच्या स्टुडिओतला फोटो असेल, लग्नाचा, बारशाचा, गेलेल्या माणसाचा, तर एकदा नीट बघा. नजर जरा बाजूला गेलेली दिसेल. फोटोग्राफर चुकला असं समजू नका. तुमची सगळी माणसं शालनकडं बघतायत. माझं घर आता तेवढंच आहे, तुमच्या भिंतींवर. रंग देताना खाली काढलात तर परत लावा.