दुसरा ठिपका

मी हुशार होते, हे आधीच सांगून टाकते. पुढे जो मूर्खपणा सांगायचा आहे, तो हुशार मुलीनेच करावा असा आहे.

मॉरिशसला स्वतंत्र होऊन दहाएक वर्षं झाली होती. पांपलमूसजवळच्या एका लहान शेती प्रयोगशाळेत मला मदतनिसाचं काम मिळालं. पितों गावातल्या आमच्या आळीत उसाच्या शेतात न जाता पगार आणणारी मी पहिलीच मुलगी, त्यामुळे चालण्यातही जरा ऐट आली होती. काम होतं माश्यांचं. कारली, दुधी, भोपळा यांत अंडी घालून फळ सडवणारी माशी. तिची मादी किती वेळा नराशी जुळते, ते प्रयोगशाळेच्या साहेबांना हवं होतं. या माश्या ऐन तिन्हीसांजेला जुळतात. जाळीच्या पिंजऱ्यात जुळलेली मादी हेरून ठेवायची, सकाळी बर्फावर गुंगवायची आणि बारीक कुंचल्याने तिच्या पाठीवर लाल ठिपका द्यायचा. पुन्हा जुळली तर दुसरा ठिपका, आणि वहीत नोंद.

पहिला ठिपका मी कौतुकाने द्यायचे, नव्या नवरीला कुंकू लावावं तसा. दुसऱ्याला मात्र हात उचलेना. तीच मादी काही दिवसांनी वेगळ्या नराबरोबर दिसायची आणि मी शेजारच्या पिंजऱ्याकडे मान वळवायचे. वहीत लिहायचे, एकदा. आपल्यालाच नीट दिसलं नसेल, अशी स्वतःची समजूत घालायचे. दोन महिने हे बिनबोभाट चाललं.

घरी तेव्हा माझी थोरली बहीण होती. आक्काचा नवरा लग्नानंतर दोनच वर्षांत तापाने गेला आणि ती आमच्याकडे परत आली. सांत्र द फ्लाक गावच्या बाजारात भाजी विकणाऱ्या एका विधुराने तिला मागणी घातली होती. माणूस भला होता, आक्काच्या मनातही भरला होता. बाबा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. थोरलीने दुसरं लग्न केलं तर धाकटीला स्थळ मिळायचं नाही, तेव्हा धाकटीलाच विचार, एवढंच त्यांनी तिला सांगितलं. धाकटी म्हणजे मी. आक्काने विचारलं आणि मी म्हटलं, लोक काय म्हणतील? तिने पुन्हा विषय काढला नाही. फ्लाकचा माणूस थांबून राहिला होता.

एका संध्याकाळी साहेब अचानक पिंजऱ्यांपाशी आले. एक ठिपका असलेली मादी त्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांदा जुळली. मग शेजारची. त्यांनी माझी वही उघडली आणि पानंच्या पानं उलटली. सगळीकडे एकदा, एकदा, एकदा.

"किफेर?" त्यांनी इथल्या क्रेओल बोलीत विचारलं. का?

मला रडू आलं, पण खोटं बोलले नाही. आमच्यात बाईला दुसऱ्यांदा कुंकू लावत नाहीत, माझा हात धजला नाही, असं सांगितलं. मला वाटलं, आता हाकलतील. त्यांनी स्टूल ओढलं आणि मला समजावून सांगितलं. पहिल्या नराचं बीज कमी पडतं, कधी अगदीच दुबळं निघतं. मग अंडी घातली तरी फुटत नाहीत. दुसरा नर मिळाला तर जास्त अंडी फुटतात, आणि पिल्लं एकाच वळणाची नसल्यामुळे रोगराईत काही तरी वाचतात. सगळीच कारणं अजून कुणाला कळलेली नाहीत, म्हणून तर वही हवी. ती वही मी रद्दी करून ठेवली होती. पहिल्यापासून सगळं पुन्हा कर, म्हणाले, आणि निघून गेले.

माशीवरून माणसाचं लग्न ठरवू नये, एवढी अक्कल मला होती. पण बसमध्ये बसल्यावर मला माझाच संताप आला. किड्यांनी काय करावं हे मी ठरवत होते, आणि आक्काने काय करावं हेही मीच ठरवलं होतं. तेही लोकांसाठी नाही. मला चांगलं स्थळ हवं होतं म्हणून.

घरी आले तेव्हा आक्का मागच्या दारी पालेभाजी निवडत होती. बाबा ओट्यावर होते, त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी म्हटलं, "आक्का, त्या फ्लाकवाल्याला हो सांग."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुजां लगीन अडंल गो बाय."

"अडू दे."

बाबा नुसतेच खाकरले. दोन महिन्यांनी आक्का फ्लाकला गेली. तिला दोन मुलं झाली, बाजारातला गाळा तिने नवऱ्यापेक्षा खमकेपणाने चालवला.

माझं लग्न खरंच अडलं. दोन स्थळं दारातून परत गेली, आणि का गेली ते त्यांनी बाबांना तोंडावर सांगितलं. आक्काला आजही वाटतं, ती स्थळं मीच नाकारली. तिला तसंच वाटू दे.