फाळक्यावरचं नाव

मखमलाबादच्या छायाने एकदा मनात डूख धरला की ती सोडायची नाही, हे तिच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊ सार्थकने तिची सायकल न विचारता विकली होती, तर त्याच्या लग्नात ती पहिल्या पंगतीला जेवली आणि आहेर न करता उठली. संतोषला हे ठाऊक नव्हतं, तिथेच तो फसला.

छाया अंबडच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर पार्टची ड्रॉइंग काढायची. घरी आली की ट्रक चालवायच्या एका गेमसाठी गाड्यांची मॉडेल बनवायची. त्यातली तिची लाडकी म्हणजे घरची पिकअप, कोथिंबीर-मेथी मार्केट यार्डात नेणारी. खऱ्या पिकअपच्या मागच्या फाळक्यावर रीतीप्रमाणे मुलाचं, म्हणजे सार्थकचं नाव होतं. गेममधल्या फाळक्यावर तिने स्वतःचं रंगवलं. कुठल्या तरी फाळक्यावर आपलंही नाव असावं, एवढीच तिची हौस.

मॉडेलवर जी चित्रं चिकटवतात त्यांना टेक्स्चर म्हणतात. ती जड झाली की साध्या कॉम्प्युटरवर गेम अडखळतो. छाया त्या बाबतीत पक्की कंजूष. गाडीतल्या भाजीच्या सगळ्या क्रेटना मिळून एकच चित्र, एका बाजूचा चिखल उलटा करून दुसऱ्या बाजूला, आणि सीटखालचा अंधार टिकलीएवढ्या चित्रात भागवायचा. वाचवलेली सगळी जागा तिने फाळक्यावरच्या अक्षरांना दिली होती.

सिडकोतला संतोष असल्या गाड्या चालवणाऱ्यांचा ग्रुप चालवायचा. त्याने पिकअप बघायला मागितली, तिने भरवशाने दिली. थोड्याच दिवसांत ती सगळ्यांकडे पोचली, फाळक्यावर ‘संतोष’ लिहून. छायाने ग्रुपवर जाब विचारला, तर तो, बायकांनी गाड्यांच्या भानगडीत पडू नये, म्हणाला आणि त्याने तिलाच काढून टाकलं. छाया त्या दिवशी रडली, खोटं कशाला सांगा? मग तोंड धुतलं आणि वाट बघत बसली.

फार बघावी लागली नाही. संतोषने गाडीवर चकचकीत माळा, दिवे, काय काय चढवलं आणि लोकांचे कॉम्प्युटर गुदमरायला लागले. त्यात दसऱ्याला ग्रुपची गेममधली रॅली, लाइव्ह दाखवायची. तो सरळ छायाच्या घरी आला, चहा प्यायला आणि ताई, तेवढी हलकी करून दे, म्हणाला. झाल्या प्रकाराबद्दल चकार शब्द नाही. छायाने त्याला आणखी चिवडा वाढला आणि हो म्हणाली.

आता त्या कामातली गंमत ऐका. टेक्स्चरच्या फाइलीत मोठ्या चित्राबरोबर त्याच्याच लहान लहान प्रती ठेवतात. गाडी जवळ असली की गेम मोठं चित्र दाखवतो, लांब गेली की लहान, म्हणजे कॉम्प्युटरला ओझं होत नाही. या प्रती सॉफ्टवेअर आपोआप काढतं. फाळक्याच्या प्रती मात्र छायाने हाताने काढल्या. मोठ्या चित्रातलं ‘संतोष’ तसंच ठेवलं, वर रंगही उजळून दिला. लहान चित्रांत दोन शब्दच मावत होते. आपलं नाव लिहावं की त्याचं कर्तृत्व, यावर ती जरा घुटमळली आणि तिने लिहिलं, ‘चोरीची गाडी’.

संतोषने गाडी तपासली, पण अगदी जवळून. गाडी हलकी झालेली पाहून तो खूश झाला आणि रॅलीसाठी त्याने ती ग्रुपमध्ये सगळ्यांना वाटली.

दसऱ्याला रॅली निघाली. म्होरक्या म्हणून संतोष सगळ्यात पुढे, त्यामुळे त्याला कुणाचाच फाळका दिसत नव्हता. मागच्यांना मात्र घाट चढणाऱ्या प्रत्येक पिकअपच्या पाठीवर तेच दोन शब्द दिसत होते. ते लोक लाइव्हखाली लिहून खिदळत होते आणि हा ते गाडीचं कौतुक समजून आभार मानत होता. घरी छाया झेंडूची तोरणं ओवता ओवता ते बघत होती. इतकं सुख तिला कित्येक दिवसांत झालं नव्हतं. शेवटी कुणीतरी संतोषला मागे टाकून लांब पुढे गेलं, आणि त्याला तो फाळका दिसला.

लाइव्हचा आवाज बंद करून त्याने छायाला फोन लावला.

“ताई, काढ ना ते. सगळे विचारतायत, मालक कोण म्हणून.”

“मग सांग की.”

“तुला ग्रुपमध्ये परत घेतो. फाळक्यावर तुझं नाव पण लावतो.”

“नाव मी लावीन. तू फक्त सांग. लाइव्हवर.”

फोन बंद झाला. मग लाइव्हवर त्याचा आवाज आला, गाडी मखमलाबादच्या छायाताईंची आहे, मी न विचारता घेतली.

छायाने हातातली सुई खाली ठेवली आणि लाइव्हखाली लिहिलं, “ऐकू आलं नाही. परत बोल.”