डिस्कमध्ये दाबून बसवलेली शर्यत

रविवारी सकाळी माझा थोरला भाऊ अण्णा निपाणीहून माझ्या बेळगावच्या घरी आला, तो पिशवी पुढं करतच. पिशवीत टॉवेल, आणि टॉवेलात गुंडाळलेली आमच्या पहिल्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क. घराला रंग द्यायला माळा रिकामा केला, तेव्हा सापडली म्हणे.

"आपली शर्यत हाय गं ह्यात!" चप्पल काढायच्या आधीच तो म्हणाला.

माझ्या अंगावर काटाच आला. मी शाळेत आणि तो कॉलेजात असताना आम्ही दोघांनी एक गेम केला होता. निपाणी ते चिकोडी बैलगाडीची शर्यत. आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून बैल मी काढले, प्रोग्राम त्यानं लिहिला. कॉम्प्युटर खरं तर आमच्या वडिलांनी, आप्पांनी, वकिलीच्या टायपिंगसाठी घेतलेला, तोही जुना. त्यांचे अर्ज आणि आमचे बैल एका डिस्कवर मावेनात, म्हणून अण्णानं अख्खी डिस्कच कॉम्प्रेस करून टाकली, म्हणजे आतलं सगळं दाबून बसवलं. तेवढ्याच जागेत जवळजवळ दुप्पट माल बसला. जादू केल्यासारखे आम्ही घरभर नाचलो होतो.

आता मी कॉलेजात कॉम्प्युटरच शिकवते, म्हणून तो विश्वासानं माझ्याकडं आला होता. अडॅप्टर लावून डिस्क लॅपटॉपला जोडली. ती कुरकुरली आणि फिरायला लागली. आम्ही श्वास रोखून बघत होतो. पडद्यावर डिस्क उमटली, पण आत चारदोन बारक्या फायलींशिवाय काहीच नाही.

"गेलं की गं सगळं," अण्णा खुर्चीत बसला.

"थांब रं जरा." मी लॅपटॉपला लपलेल्या फायली दाखवायला सांगितलं, आणि एक भलीमोठी फाइल वर आली. जवळजवळ डिस्कएवढी! मी ओरडलेच. त्या काळी डिस्क कॉम्प्रेस केली की आतलं सगळं त्या एकाच फायलीत जाऊन बसायचं. जुनी सिस्टीम ती फाइल म्हणजेच एक ड्राइव्ह समजून उघडायची. आजच्या सिस्टीमला ती विद्याच येत नाही.

आधी डिस्कची जशीच्या तशी नक्कल करून घेतली आणि मूळ डिस्क परत टॉवेलात ठेवली. मग लॅपटॉपच्या आतच एक खोटा कॉम्प्युटर उभा केला, त्यात जुनी सिस्टीम घातली आणि ती नक्कल त्याला दिली. त्यानं साफ नकार दिला. ही फाइल आपल्याला कळत नाही म्हणाला. मी परत परत तेच करून पाहिलं. अण्णा चहा ढवळता ढवळता एकदम थांबला.

"अगं, ते दाबायचं सॉफ्टवेअर आपण मागनं बदललंतं की! नवीन आणलंतं मी, बेळगावातनंच!"

"मग हे आधी सांगायला काय झालंतं?"

फाइल नव्या पद्धतीनं दाबलेली आणि मी घातलेली सिस्टीम त्याच्या आधीची, म्हणून अडलं होतं. मी पुढची सिस्टीम चढवली. ती सुरू झाली, आणि एक नवा ड्राइव्ह अलगद येऊन उभा राहिला. उघडला तर आत फायलीच फायली! आप्पांचे अर्ज, नोटिसा, आणि सगळ्यांत खाली 'बैल'.

"चालीव, चालीव!" अण्णा माझा खांदा हलवत म्हणाला.

मी बटण दाबलं. पडदा लुकलुकला आणि शर्यत संपली.

"चिकोडी आली पण?" अण्णानं विचारलं.

आम्ही पोट धरधरून हसलो. बैल हळू पळावेत म्हणून अण्णानं प्रत्येक पावलामागं कॉम्प्युटरला उगाच आकडे मोजायला लावलं होतं. जुन्या मशीनला त्यात दम लागायचा, हे मशीन ते चुटकीसरशी मोजत होतं. मी खोट्या कॉम्प्युटरचा वेग कमी करत करत गेले, आणि शेवटी बैल चालायला लागले. माझे बैल! दोन्ही बाजूंना तंबाखूची हिरवी शेतं, मध्ये तपकिरी रस्ता. डावीकडच्या बैलाला तीनच पाय होते. हे तेव्हा आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"आप्पांना दाखवूया," मी म्हटलं. फोनवर दाखवून समाधान होणारं नव्हतं. जेवण तसंच ठेवून आम्ही गाडीत बसलो आणि निपाणी गाठली.

आप्पांनी आता वकिली सोडली आहे. ते बाहेरच्या सोप्यात पेपर वाचत होते. मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला.

"हे बटण म्हणजे चाबूक, आप्पा. हाणला की बैल जोरात पळतात."

"चाबूक न्हाय मारायचा," ते म्हणाले, आणि नुसतं बाणाचं बटण दाबत राहिले. त्यांची गाडी सगळ्यांत शेवटी चिकोडीत पोचली. आप्पांचा चेहरा उजळला होता.

"लई झ्याक पळत्यात की रं. तुम्ही केलंसा हे?"

"व्हय आप्पा, आम्हीच."

"परत लाव."

परत लावलं. मग आणखी एकदा. अण्णा आणि मी मागं उभं राहून आपापली पाळी मागत होतो, पण आप्पा लॅपटॉप काही सोडायला तयार नव्हते.