काकांच्या तोंडाला वास नव्हता

लग्न ठरवतानाच मंठ्याच्या माझ्या सासऱ्यांनी अट घातली होती: नवरदेवाच्या गाडीचा ड्रायव्हर प्यायलेला निघाला, तर वऱ्हाड मारुतीच्या पारावरूनच परत. त्यांच्या मुलाचा पाय एका दारुड्या टेम्पोवाल्याने कायमचा अधू केला होता, त्यामुळे ते बोलले ते करणार होते. आणि मला ती मुलगी फार आवडली होती, हे सरळच सांगतो.

लग्नाच्या सकाळी मामा स्टिअरिंगवर बसले. आईने त्यांचं तोंड हुंगलं, किल्ली काढून घेतली आणि काकांना दिली. काकांच्या तोंडाला दारूचा वास नव्हता. ते गोठ्यामागे चिलीम ओढून आले होते हे सगळ्यांना माहीत होतं, पण आमच्या घरात गांजा म्हणजे भजनी मंडळाची सवय, त्यात काय एवढं!

मामा मागून भांडायला लागले. "दारू पेलेला माणूस गाडी हाणतो, कबूल. पण तो गाडीत तरी असतो!"

"गांजावाला घाई करत न्हाई," काका शांतपणे म्हणाले.

घाई ते खरंच करत नव्हते. वाटूरच्या पुढे रस्त्यावर उसाची ट्रॉली उभी होती. काका तिच्यामागे थांबले आणि ती निघायची वाट बघू लागले.

"काका, तिला ट्रॅक्टरच न्हाई!"

"मंग येईल की."

मी फारच ओरडल्यावर त्यांनी गाडी बाजूने काढली, ती थेट समोरून येणाऱ्या एसटीपुढे. मी स्टिअरिंग ओढलं म्हणून आम्ही कपाशीत गेलो आणि वाचलो.

"दिसली व्हती रे," काका म्हणाले, "पण लई लांब वाटली."

मामांची उतरली. शेवटी बाशिंग मागे सरकवून, कट्यार मामांकडे देऊन, मीच गाडी चालवली.

पारावर सासरे ड्रायव्हरला हुंगायला आले, तर उतरला नवरदेव. मी घडलं ते सांगून टाकलं. आता लग्न मोडणार, असंच मी धरून चाललो होतो. त्यांनी मामांना हुंगलं, काकांना हुंगलं, मग काकांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं.

"त्यो पेलेला कळतो तरी," ते मामांकडे बोट दाखवून म्हणाले. "ह्येंचं मला बिलकुल कळलं नसतं, जावाई." आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकून त्यांनी वाजंत्र्यांना खूण केली.

पाठवणीला सासूबाईंनी मुलीची ओटी भरली. तांदूळ, नारळ, हळकुंडं. वर सासऱ्यांनी किल्ली ठेवली. एमआयडीसीत नोकरीला लागल्यापासून ती चारचाकी चालवत होती. तिने शालू खोचला आणि सगळ्यांना सुखरूप घरी आणलं.

उतरल्यावर काकांनी मला बाजूला घेतलं. "सून चांगली हाये," ते म्हणाले, "पण थांबलेल्या ट्रॉल्या वलांडती."