चक्करकाकांची पिशवी

चक्करकाकांना कुठेच जायचं नसायचं, आणि तरी ते कायम निघालेले असायचे. "वहिनी, जरा एक चक्कर मारून येतो," असं आमच्या दारावरून ओरडायचे, की थेट दिवेलागणीलाच उगवायचे. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही शेजारी. काका मिनिस्ट्रीत कारकून, बायको लवकर गेलेली, मुलगा श्रीकांत तेव्हा कॉलेजात. रविवार उजाडला की काकांच्या पायात चपला.

"काम ना धाम, माणूस चालतो कशाला?" आमचे हे म्हणायचे. मलाही नवलच वाटायचं. आपण बायका घराबाहेर पडलो तर दूध, रेशन, मुलांची शाळा. काम उरकलं की घर. नुसतं म्हणून कोणी बाहेर पडतं का? म्हणून मी काकांना चहा द्यायची आणि विचारायची, "आज काय बघितलंत?"

एकदा म्हणाले, "करोल बागेत एका दुकानात काचेमागे बाईचा पुतळा आणलाय. दोन पोरं त्याला साडी नेसवत होती. निऱ्या काही जमेनात हो! शेवटी टाचण्या मारल्या."

"मग सांगायचं नाही का त्यांना?"

"छे! बघणाऱ्याने मध्ये बोलू नये, वहिनी. बोललं की बघणं संपलं."

आणि बघायला तेव्हा काय कमी होतं? गच्च्यांवर टीव्हीच्या मोठाल्या छत्र्या उगवत होत्या, कालची पिठाची गिरणी आज ब्यूटी पार्लर झालेली असायची. खोदलेला रस्ता दिसला की काका थांबलेच. "शहर कात टाकतंय. घरी बसलो तर हुकेल ना," म्हणायचे.

मग ते रिटायर झाले, क्वार्टर सुटलं. श्रीकांतने गुडगावला नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला; आमच्या मुलानेही तिथेच, शेजारच्या टॉवरमध्ये. चकचकीत लिफ्ट, बाग, कारंजं. बाहेर मात्र रुंद रस्ते आणि त्यांना फुटपाथच नाही. जिकडे बघावं तिकडे भिंत, आणि भिंतीला गेट.

पहिल्याच आठवड्यात काका चालत चालत दुसऱ्या एका सोसायटीत शिरले. तिथल्या गार्डने अडवलं. "किससे मिलना है?"

"किसी से नहीं."

"तो क्यों आए हो?"

"देखने."

झालं! खुर्चीवर बसवून ठेवलं त्यांना. ऑफिस सोडून श्रीकांत धावत आला. लाजेने पोराचा चेहरा एवढासा झाला होता. "बाबा, आत वॉकिंग ट्रॅक आहे ना? तिथे फिरा. काम असेल तरच बाहेर." आणि आमच्या गेटवरच्या गार्डला, रामसिंगला, तशी ताकीदच देऊन ठेवली.

काका ट्रॅकवर गेले. चौथ्या दिवशी घरीच बसले. "घाण्याचा बैलसुद्धा डोळ्यांना झापड बांधून घेतो, वहिनी. मी उघड्या डोळ्यांनी तेच ते कारंजं किती बघू?" चहा तसाच निवला. सांगायला काहीच नव्हतं त्यांच्याकडे. माणूस असा बसून बसून विझतो हो, मी पाहिलंय.

गेटवर उभी राहून मी नीट पाहिलं. ज्याच्या हातात पिशवी, त्याला रामसिंग हटकतच नव्हता. घरून कापडी पिशवी आणली नि काकांच्या हातात दिली. "कोथिंबीर आणा."

"काम सांगून फिरायला पाठवता मला?"

"काम माझं आहे. तुम्ही फक्त पिशवी धरा. सब्ज़ी म्हणा नि सुटा."

पण हा माणूस जन्मभर फाइलीवर खरं लिहिणारा. गेटवर 'सब्ज़ी' म्हटलं म्हणजे आणायलाच हवी! रोज चक्कर, रोज जुडी. आमच्याकडे कोथिंबिरीची वडी, कोथिंबिरीची चटणी, कोथिंबिरीचे पराठे. नातवंडं कावली, "आजी, फिर से वडी?" मी म्हटलं, गिळा मुकाट्याने, आजोबा फिरतायत ना!

जुडी ते दुकानातून नाही आणायचे. भिंतीपलीकडच्या गावात एका म्हाताऱ्याचं शेत होतं, तिथून. पुढे त्या शेताभोवती बांधकामाचे पत्रे ठोकले गेले, तेव्हा त्याच्या पुढच्या शेतातून. मग त्याच्याही पुढच्या. घरी यायला उशीर होऊ लागला की मी समजायची, आणखी एक शेत गेलं. "गुडगाव कुठवर पोचलं ते तुमच्या जुडीवरून कळतं," मी म्हणायची, आणि ते खूश होऊन हसायचे.

एका थंडीत छातीत कफ धरला, आणि काका गेले. तेराव्यानंतर श्रीकांत पिशवी घेऊन आला. "काकू, ही तुमची ना? तुमची भाजी आणायला जातात म्हणूनच मी त्यांना सोडत होतो." माझीच, मी म्हटलं. पिशवी दारामागच्या खिळ्याला अडकवली.

पुष्कळ दिवस ती तिथेच होती. एके दुपारी मी चपला घातल्या, पिशवीकडे हात गेला, आणि मागे घेतला. तशीच निघाले.

"आंटी, थैला भूल गईं," रामसिंग म्हणाला.

"आज थैला नहीं चाहिए. बस, एक चक्कर."

त्याने गेटच्या कडीला हात घातला. "अंकलवाला?"

"हाँ. अंकलवाला."

गेट उघडलं. रिकाम्या हातांचं काय करावं ते मला कळेना; पदराशी चाळा करत चालले. पहिल्या शेताच्या जागी मोठा खड्डा होता, आत क्रेन, आणि लोखंडाच्या सळ्यांचं रान. मी थांबले. बराच वेळ नुसती बघत राहिले. बघणाऱ्याने मध्ये बोलू नये, हे मात्र मला काही जमलं नाही.

"क्यों भैया," मी वरून हाक मारली, "ये क्या बन रहा है?"